वगळण्याचे गणित

मोबाइलवर बुद्धिबळ खेळणारा शाळकरी मुलगा बारामतीत असो वा इंदापुरात, त्याच्या हातातील यंत्र एका सेकंदात लाखो स्थिती तपासते असे सांगितले की ऐकणारा थक्क होतो. थक्क व्हायचेच असेल तर ते दुसऱ्या आकड्याने व्हावे. ते यंत्र जेवढ्या स्थिती पाहते, त्याच्या कित्येक पटींनी अधिक स्थिती ते न पाहताच सोडून देते. आणि त्यांतील फार मोठा भाग असा, की तो सोडल्याने उत्तरात तसूभरही फरक पडत नाही. शोध घेताना काय पाहू नये आणि जे पाहायचे ते कोणत्या क्रमाने पाहावे, हा प्रश्न विसाव्या शतकात ज्याने सर्वांत आधी गंभीरपणे हाताळला, तो ॲलन ट्युरिंग. संगणकशास्त्राचा जनक म्हणून त्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे. तो बुद्धिबळाच्या मागे लागला होता हे कमी जणांना ठाऊक असते, आणि तो स्वतः हा खेळ बेताचाच खेळत असे, हे तर त्याहून कमी जणांना.

ट्युरिंगच्या घराण्याचा हिंदुस्थानशी निकटचा संबंध होता. वडील ज्युलियस ट्युरिंग मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी होते. आई एथेल सारा हिचा जन्म कोइमतूरजवळच्या पोदनूरचा. तिचे वडील मद्रास रेल्वेत मुख्य अभियंता होते. ॲलनचा जन्म मात्र २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. हिंदुस्थानची हवा मुलांना मानवणार नाही, या समजुतीने ॲलन आणि त्याचा थोरला भाऊ जॉन या दोघांना इंग्लंडमध्येच एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या कुटुंबात ठेवण्यात आले. आई त्याला सोडून परत निघाली तेव्हा तो जेमतेम सव्वा वर्षाचा होता. साहेबी नोकरीची ही किंमत त्या काळी अनेक इंग्रज मुलांनी मोजली.

शेरबोर्नच्या शाळेत त्याचे अक्षर वाईट, लॅटिन कच्चे आणि गणित शिक्षकांना पेलवणार नाही इतके स्वतंत्र होते. तेथेच त्याला ख्रिस्तोफर मॉरकॉम हा जिवलग मित्र भेटला. फेब्रुवारी १९३० मध्ये क्षयाच्या विकाराने मॉरकॉम गेला. त्या आघातानंतर मन आणि जड द्रव्य यांचा संबंध काय, हा प्रश्न ट्युरिंगच्या मनातून कधी गेला नाही. १९३१ मध्ये तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाला आणि बावीस वर्षांचा असताना तेथील फेलो झाला. १९३६ मध्ये त्याने तो प्रख्यात निबंध लिहिला, ज्यात कागदाच्या पट्टीवर एकेक चिन्ह वाचणाऱ्या आणि खोडणाऱ्या काल्पनिक यंत्राची कल्पना मांडली आहे. नियमाने करता येईल असे कोणतेही गणित ते यंत्र करू शकते, पण काही प्रश्न असे असतात की ते कोणत्याही यंत्राला सुटणार नाहीत, हे त्याने सिद्ध केले. तात्त्विक गणितातील हे काम. एखादे उत्तर मिळायला किती वेळ लागेल याच्याशी त्या निबंधाला कर्तव्य नव्हते. वेळेचा हिशेब त्याला युद्धाने शिकवला.

४ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटनने युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ट्युरिंग ब्लेचली पार्क येथील गुप्तलेखन कार्यालयात रुजू झाला. जर्मन सैन्य एनिग्मा नावाच्या यंत्राने संदेश गूढ करीत असे. भूदलाच्या एनिग्मात पाच चक्रांपैकी तीन निवडून बसवली जात, त्यांच्या सुरुवातीच्या जागा ठरत आणि पुढच्या फळीवर तारांच्या दहा जोड्या लावल्या जात. अशा मांडण्यांची एकूण संख्या १५९ वर १८ शून्ये इतकी होते. पोलंडच्या गणितज्ञांनी, विशेषतः मारियान रेयेव्स्कीने, या यंत्राचे मर्म आधीच उलगडले होते आणि युद्धाच्या तोंडावर ते ब्रिटिशांच्या हवाली केले होते. हे श्रेय इंग्रजी इतिहासात पुष्कळ वर्षे झाकले गेले. जर्मनांनी आपली पद्धत बदलल्यावर मात्र नवी वाट शोधणे भाग पडले.

ट्युरिंगने रचलेल्या यंत्राला पोलिश परंपरेवरून बॉम्ब असे नाव पडले; स्फोटकांशी त्याचा काही संबंध नव्हता. हे यंत्र बरोबर मांडणी शोधत नसे, ते चुकीच्या मांडण्या बाद करीत असे. संदेशात हवामानाबद्दलचा एखादा ठरावीक शब्द कोठे असावा याचा आधी अंदाज बांधायचा. मग चक्रांची एक जागा धरून तारांची एखादी जोडी गृहीत धरायची, आणि त्या गृहीतकातून निघणारे निष्कर्ष विजेच्या वेगाने एकमेकांना भिडू द्यायचे. विसंगती निघाली की ते गृहीतक बाद. त्याच्यासोबत त्यातून निघालेली सारी गृहीतकेही बाद, कारण तीही तितकीच खोटी. गॉर्डन वेल्चमन याने सुचवलेल्या सुधारणेने ही छाटणी आणखी जलद झाली. तारांच्या जोड्यांमुळे निर्माण होणारा तो अवाढव्य आकडा अशा रीतीने बाजूलाच पडला, आणि तपासायला उरल्या त्या फक्त चक्रांच्या जागा.

नौदलाचे एनिग्मा याहून अवघड होते. तेथे चक्रे आठ होती. आठांतून तीन चक्रे क्रमाने निवडण्याचे प्रकार ३३६, आणि प्रत्येक प्रकारात चक्रांच्या जागा १७,५७६. म्हणजे जवळपास ५९ लाख. चक्रांचा एक क्रम यंत्रावर मांडून पुरता तपासायला साधारण वीस मिनिटे लागत. सगळे क्रम एकापाठोपाठ एक घेतले तर ११२ तास होतात. तोवर अटलांटिक महासागरात पाणबुड्यांनी आपले काम उरकलेले असे. त्यामुळे कोणता क्रम आधी पाहावा, हा प्रश्न येथे जहाजांच्या आणि खलाशांच्या जिवाचा झाला.

त्यावर ट्युरिंगने काढलेल्या युक्तीला बॅनबरिस्मस म्हणत, कारण तिच्यासाठी लागणारे लांबलचक कागद बॅनबरी नावाच्या गावात छापले जात. दोन संदेश भोके पाडलेल्या कागदांवर उतरवायचे, एकावर एक ठेवून सरकवायचे आणि किती ठिकाणी अक्षरे जुळतात ते मोजायचे. निव्वळ योगायोगाने अक्षर जुळण्याची शक्यता २६ मध्ये एक. दोन्ही संदेश चक्रांच्या एकाच जागेवरून लिहिले असतील तर ती साधारण १७ मध्ये एक. प्रत्येक जुळणीने पुरावा किती वाढला हे मोजण्यासाठी ट्युरिंगने एक मापच ठरवले. एखाद्या गोष्टीची शक्यता दसपट वाढवणारा पुरावा म्हणजे एक बॅन, आणि त्याचा दहावा भाग म्हणजे डेसिबॅन. वाण्याने तराजूत धान्य तोलावे तसे ब्लेचलीतील कर्मचारी, ज्यांत तरुण स्त्रियांचा भरणा मोठा होता, संशय तोलू लागले. उजवे आणि मधले चक्र या मार्गाने निश्चित झाले तर ३३६ क्रमांतून फक्त सहा उरत. ११२ तासांचे काम दोन तासांवर येई.

पुढे १९४३ मध्ये बॉम्ब यंत्रांची संख्या पुरेशी झाल्यावर हे कष्टाचे काम थांबवण्यात आले. क्रम लावण्यालाही वेळ आणि माणसे लागतात; यंत्रे मुबलक असली तर नुसते धावत सुटणेच स्वस्त पडते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण बुद्धिबळाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांना तिच्याशी पुढे पुन्हा झुंजावे लागले.

ब्लेचलीत बुद्धिबळपटूंची वानवा नव्हती. ब्रिटनचा माजी विजेता ह्यू अलेक्झांडर हा ट्युरिंगच्याच विभागात होता आणि नंतर त्या विभागाचा प्रमुख झाला. स्टुअर्ट मिल्नर-बॅरी आणि हॅरी गोलोम्बेक हेही तेथेच होते. ऑक्टोबर १९४१ मध्ये माणसे अपुरी पडतात, अशी थेट तक्रार चर्चिलकडे करणाऱ्या चौघांत ट्युरिंग, वेल्चमन, अलेक्झांडर आणि मिल्नर-बॅरी होते, आणि ते पत्र पोहोचवायला मिल्नर-बॅरीच गेला. या मंडळींपुढे ट्युरिंगचा पटावर निभाव लागत नसे. गोलोम्बेक आपला वजीर आधीच काढून ठेवूनही त्याला हरवू शके, असे सांगतात. डोनाल्ड मिची या तरुण सहकाऱ्याशी मात्र त्याची जोडी जमली. दोघेही सारखेच कच्चे! खेळता खेळता यंत्र हा खेळ कसे खेळेल, याची चर्चा होई. जॅक गुड या सहाय्यकाशी तर ती १९४१ पासूनच सुरू झाली होती.

युद्ध संपल्यावर ट्युरिंगने राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेसाठी संगणकाचा आराखडा तयार केला. १९४८ मध्ये त्याच संस्थेसाठी त्याने यंत्रांच्या बुद्धीविषयी एक अहवाल लिहिला. बौद्धिक व्यवहार हा मुख्यतः निरनिराळ्या प्रकारच्या शोधांचा बनलेला असतो, असे त्यात त्याने सरळ म्हटले आहे. एनिग्माचे नाव घेण्याची त्याला सोय नव्हती. तरीही ब्लेचलीत घालवलेली वर्षे ध्यानात घेतली तर त्या विधानामागे काय होते ते उमगते. संस्थेचे संचालक, म्हणजे उत्क्रांतिवादी डार्विनचे नातू सर चार्ल्स डार्विन, यांना तो अहवाल शाळकरी वाटला. ट्युरिंगच्या हयातीत तो छापला गेलाच नाही.

त्याच वर्षी त्याने डेव्हिड चँपरनाऊन या अर्थशास्त्रज्ञ मित्राच्या सोबतीने बुद्धिबळ खेळण्याचे नियम कागदावर लिहून काढले. दोघांच्या नावांवरून त्यांना ट्युरोचँप म्हणतात. प्यादे १, घोडा ३, उंट साडेतीन, हत्ती ५ आणि वजीर १०, अशा किमती त्यात ठरवल्या होत्या. मोहऱ्यांना हालचालीला किती वाव आहे, राजा किती सुरक्षित आहे, यांचेही गुण होते. आपली प्रत्येक चाल घ्यायची, तिच्यावरचे प्रतिपक्षाचे प्रत्येक उत्तर घ्यायचे, आणि तेथे मारामारी चालू असेल तर ती शांत होईपर्यंत पुढे जायचे. अर्धवट मारामारीत थांबून हिशेब केला तर तो फसवा निघतो, हे ट्युरिंगने ओळखले होते. आजच्या बहुतेक आज्ञावल्यांत हे तत्त्व टिकून आहे.

या हिशेबाचे मर्म कळण्यासाठी एक सौदा कल्पावा. डाळिंबाच्या एका व्यापाऱ्याला एकच ढीग घ्यायचा आहे. बारामतीच्या बाजारात जायचे की इंदापूरच्या, हे त्याने ठरवायचे. पण त्या बाजारातला कोणता ढीग द्यायचा, हे विकणारा ठरवणार. विकणारा अर्थातच सर्वांत हलका ढीग गळ्यात मारणार. तेव्हा शहाण्या व्यापाऱ्याने प्रत्येक बाजारातला सर्वांत हलका ढीग पाहावा आणि ज्या बाजाराचा हलका ढीगही त्यातल्या त्यात बरा, तेथे जावे. बुद्धिबळात बाजार म्हणजे आपली चाल आणि ढीग म्हणजे प्रतिपक्षाचे उत्तर. ट्युरोचँप सगळ्या बाजारांतले सगळे ढीग तपासू पाहत असे.

पटावर सर्वसाधारणपणे तीसएक चाली शक्य असतात. आपली एक आणि प्रतिपक्षाची एक धरली तर स्थिती होतात ९००. ट्युरिंगला कागदावर एक चाल काढायला अर्धा तास लागे. हा हिशेब स्थितीमागे दोन सेकंदांचा येतो, आणि मारामारीचा पाठपुरावा वेगळाच. एवढ्या वेळात कोणाही माणसाकडून नियमाबरहुकूम सगळे तपासून होणे शक्य नाही. तो मनातल्या मनात बरेच काही गाळत असला पाहिजे, असा तर्क यावरून करता येतो.

दरम्यान ट्युरिंग मँचेस्टर विद्यापीठात आला होता. तिकडे अमेरिकेत क्लॉड शॅनन याने १९५० मध्ये संगणकाच्या बुद्धिबळावरचा आपला निबंध प्रसिद्ध केला, आणि शक्य असलेल्या डावांची संख्या एकावर १२० शून्ये इतकी असल्याचे दाखवून सगळे तपासण्याचा मार्ग कायमचा बंद केला. मँचेस्टरच्या फेरांटी संगणकावर डिट्रिच प्रिन्झ याने नोव्हेंबर १९५१ मध्ये दोन चालींत मात करण्याची कोडी सोडवणारी आज्ञावली चालवली. ती एकामागून एक चाल तपासत जाई आणि एका कोड्याला पाव तास घेई. ट्युरिंगने ट्युरोचँप त्या संगणकावर उतरवायला घेतले, पण ते काम तडीस गेले नाही. अखेर १९५२ मध्ये तो स्वतःच यंत्र होऊन बसला. समोर ॲलिक ग्लेनी हा सहकारी होता. ट्युरिंग नियम वाचून, आकडेमोड करून चाल करी. नियमांना चिकटून राहणे त्याला जड जात होते आणि मधूनमधून त्याची चिडचिड होत होती. २९ चालींत कागदी यंत्राचा वजीर पडला आणि त्याने हार मानली.

त्याच वर्षी त्याच्यावर खरे संकट कोसळले. जानेवारीत घरी चोरी झाली म्हणून तो पोलिसांकडे गेला आणि चौकशीत एका तरुणाशी असलेले संबंध त्याने निःसंकोच सांगून टाकले. इंग्लंडच्या कायद्याने तो गुन्हा होता. इंग्रजांनी तसलेच कलम हिंदुस्थानच्या दंडसंहितेतही घातले होते, आणि त्यातला संमतीने ठेवलेल्या संबंधांना लागू होणारा भाग रद्द व्हायला २०१८ साल उजाडावे लागले. ३१ मार्च १९५२ रोजी ट्युरिंग दोषी ठरला. तुरुंगाऐवजी त्याने वर्षभराचा संप्रेरकांचा उपचार पत्करला. गुप्तलेखनाच्या कामासाठी लागणारा सरकारी विश्वास त्याने गमावला, आणि युद्धात काय केले हे न्यायालयात सांगण्याची मुभा त्याला नव्हतीच. ७ जून १९५४ रोजी सायनाइडच्या विषाने त्याचा मृत्यू झाला. वय अवघे ४१. चौकशीत आत्महत्येचा निर्णय देण्यात आला; हा अपघात होता, असे त्याच्या आईचे मत अखेरपर्यंत होते. ब्रिटनच्या पंतप्रधानांनी २००९ मध्ये क्षमायाचना केली, २०१३ मध्ये राजमाफी मिळाली आणि २०२१ मध्ये ५० पौंडांच्या नोटेवर त्याचे चित्र आले.

बुद्धिबळाच्या यंत्रांना हवी असलेली छाटणी त्याच्या मृत्यूनंतर दोन-चार वर्षांतच सापडली. जॉन मॅकार्थी, तसेच नेवेल, शॉ आणि सायमन यांच्या कामांतून ती पुढे आली आणि अल्फा-बीटा या नावाने रूढ झाली. तिच्यासाठी डाळिंबाच्या सौद्याकडे परत जावे. बारामतीत तीन ढीग पाहिले, त्यांची प्रत ७०, ६५ आणि ६०. म्हणजे तेथे ६० ची हमी आहे. आता इंदापुरात पहिलाच ढीग ५० चा दिसला. तेथील उरलेले ढीग ८० आणि ९० चे असले तरी उपयोग काय? विकणारा ५० चाच देणार. ते न पाहताच परत फिरावे. एकूण चार ढीग पाहून काम झाले. हाच फेरा इंदापुरापासून सुरू केला असता तर सहाही ढीग पाहावे लागले असते. बारामतीपासूनच सुरुवात केली, पण इंदापुरात ५० चा ढीग शेवटी दिसला, तरीही सहाच. आपली उत्तम चाल आधी आणि प्रतिपक्षाचे सर्वांत मारक उत्तर आधी, असा दुहेरी क्रम साधला तरच बचत होते.

डोनाल्ड नूथ आणि रोनाल्ड मूर यांनी १९७५ मध्ये या बचतीचे नेटके गणित मांडले. तीस चाली आणि चार पावले खोल शोध धरला तर सगळे तपासण्यासाठी ८ लाख १० हजार स्थिती लागतात. क्रम अचूक असेल तर १,७९९. सहा पावलांना ७२ कोटी ९० लाखांऐवजी ५३,९९९. क्रम उलटा लागला तर एकही स्थिती वाचत नाही. अर्थात अचूक क्रम आधीच ठाऊक असता तर शोधाची गरजच काय होती! म्हणून अंदाज बांधावा लागतो. मोठे मोहरे मारणारी चाल आधी घेतात. शेजारच्या स्थितीत जी चाल घातक ठरली, ती येथेही आधी करून पाहतात. उथळ शोधात जी चाल उत्तम निघाली, तिच्यापासून खोल शोध सुरू करतात.

क्रम किती चांगला आहे याचीही मोजणी होते. जेथे छाटणी झाली तेथे ती पहिल्याच चालीवर झाली असे किती वेळा घडले, हे पाहतात. चांगल्या आज्ञावलीत हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या पुढे असते. सेकंदाला किती स्थिती पाहिल्या, या आकड्याची जाहिरात फार होते. १९९७ मध्ये कास्पारोवला हरवणारे डीप ब्लू सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती पाही. पण तो आकडा एकट्याने काही सांगत नाही. ठरावीक खोली गाठायला एकूण किती स्थिती आणि किती वेळ लागला, हा हिशेब जास्त प्रामाणिक. त्यातही क्रम लावण्यातच वेळ खर्च झाला तर स्थिती कमी होऊनही घड्याळ पुढे पळते. बॅनबरिस्मसच्या कागदांचा आणि बॉम्ब यंत्रांचा जुना वाद येथे पुन्हा भेटतो.

ब्लेचलीचे रहस्य १९७४ पर्यंत जगाला कळले नव्हते, आणि संभाव्यतेच्या आधाराने गुप्तलेखन उकलण्याविषयीचे ट्युरिंगचे दोन निबंध तर एप्रिल २०१२ मध्येच खुले झाले. त्याआधी, २००४ च्या सुमारास, जर्मनीतील चेसबेस या संस्थेने ट्युरोचँपचे नियम आधुनिक संगणकावर उतरवले आणि ग्लेनीविरुद्धच्या डावाशी ताडून पाहिले. अनेक ठिकाणी चाली जुळेनात. आज्ञावलीत चूक शोधून सगळे दमले. शेवटी वृद्ध डोनाल्ड मिचीला विचारले, तेव्हा त्याने वेगळेच निदान केले. आज्ञावली बरोबर असावी, चूक ट्युरिंगची असावी. बारीक आकडेमोडीत लक्ष घालण्याचा त्याचा स्वभाव नव्हता.

ट्युरिंगच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने २५ जून २०१२ रोजी मँचेस्टर येथे खुद्द कास्पारोव या आज्ञावलीशी खेळला. डाव १६ चालींत संपला.